दिवेवाली कोणाची

कानिफनाथ पेंटर दुकानात आला की मी आधी त्याच्या हातातली चिंधी बघतो. काम बरं चाललं असेल तर चिंधी खिशात असते. काही बिनसलं असेल तर ती हातात येते आणि हा तिने बोटं पुसत राहतो, बोटांना रंग असो वा नसो. राजूरला माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येतात, त्यातली बरीचशी मनातलं ओठावर येऊ देत नाहीत. कानिफच्या बाबतीत तेवढे कष्ट नकोत. त्याच्या पोटातलं सगळं त्या चिंधीवर येतं.

माणूस मुळातच धास्तीचा. किराणा दुकानाची साधी पाटी असली तरी आधी खडूने आखणार, मग लांब जाऊन बघणार, मग पुसून पुन्हा आखणार. पाटी झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारणार, "बरं दिसतंय ना?" समोरचा हो म्हणाला तरी याचं समाधान नाही, कारण तो हो कशावरून म्हणाला ही नवी काळजी. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, तुझ्या हाताला देवाने कला दिली, काळजाला थोडी हिंमत द्यायला विसरला." त्यावर तो हसला, आणि जाताना दाराजवळ थांबून म्हणाला, "शेठ, खरंच बरं दिसतंय ना पन?"

सातवीतून शाळा सुटली आणि तो संगमनेरला एका जुन्या पेंटरच्या हाताखाली राहिला. त्यांना तो उस्ताद म्हणायचा. पाट्या, टेम्पोच्या मागची चित्रं, मंगल कार्यालयांच्या भिंती, सगळं तो तिथे शिकला. मग फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं. त्याला तारलं ते शाळांनी. आमच्याकडे झेडपीच्या शाळांमधून 'बोलक्या भिंती' करतात. म्हणजे भिंतीवर पाढे, नकाशे, फुलपाखराची वाढ, असं सगळं रंगवून ठेवायचं, म्हणजे पोरं येता-जाता शिकतात. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या कितीतरी शाळांच्या भिंती कानिफच्या हाताने बोलायला लागल्या. तो स्वतः मात्र कमीच बोलायचा. घरी त्याला कोणी काही विचारत नाही, बायको एवढंच सांगते की रंगाचे कपडे बाहेर काढा.

आमच्याच वरच्या अंगाला एका वाडीत शाळा आहे. तिथले हेडमास्तर बिभीषण सर जामखेडकडचे. इकडे बदली झाली की माणसं पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीच्या मागे लागतात, हे सर तसे नव्हते. संगमनेरच्या एका कॉलेजाने शाळांसाठी स्पर्धा जाहीर केली होती: पडद्यावर प्रसिद्ध चित्र दाखवणार, मुलांनी चित्राचं आणि चित्रकाराचं नाव सांगायचं. सरांनी मनावर घेतलं. वाडीत मोबाईलला रेंज नाही, पोरांना चित्रं दाखवायची कशी? सरांनी व्हरांड्याची अख्खी भिंत कानिफला दिली आणि सांगितलं, "ही सगळी चित्रं काढायची, खाली मोठ्या अक्षरात नावं टाकायची. पोरांनी जेवताना बी तीच बघितली पाहिजेत."

चौकटी पाडून कानिफने एकेक चित्र उतरवायला घेतलं. मोना लिसा आली तेव्हा गावातली माणसं बघायला आली आणि म्हणाली, "पेंटर, बाईच्या भुवया इसरला व्हय?" बिचारा दोन्ही हात जोडून सांगत होता की मूळ चित्रातच नाहीत. पुलावर उभं राहून किंचाळणाऱ्या माणसाच्या चित्राला पोरांनी 'दाढदुखी' नाव ठेवलं. व्हॅन गॉगचं चांदण्यांचं आभाळ, अमृता शेरगिलच्या तीन मुली, अवनींद्रनाथांची भारतमाता, सगळं त्या व्हरांड्यात आलं.

पोरं जेवताना याच्या मागे बसायची. त्यात सातवीतली दिशा नावाची एक पोर होती. तिची आई मालनबाई शाळेत खिचडी शिजवते. ही दिशा प्रश्न विचारून जीव घ्यायची. काका, ह्ये कोनाचं? ह्या बायका उदास का दिसत्यात? आभाळ असं गरगरल्यावानी का काढलं? कानिफला जमेल ते तो सांगायचा. न जमलेलं सरांना विचारून दुसऱ्या दिवशी सांगायचा. माझ्याकडे रंग न्यायला आला की त्याच गोष्टी. एकदा म्हणाला, "शेठ, मला आजवर कोनी काय इचारलंच नव्हतं हो. भाव सोडून." त्या दिवसांत चिंधी सदा खिशात होती.

भिंतीच्या टोकाला, वर्गाच्या दाराजवळ, एक चौकोन रिकामा राहिला. सरांच्या यादीतली चित्रं संपली होती. कानिफ म्हणाला, "सर, हितं मी माज्या मनानं एक काढू?" आणि त्याने दिवेवाली काढली. तुम्हीही बघितली असेल. हातात समई घेतलेली, जांभळट लुगड्यातली तरुण बाई, ज्योतीला आडवा धरलेला हात, आणि बोटांच्या फटीतून येऊन तिच्या तोंडावर पडलेला तांबूस उजेड. ही कानिफला पाठच होती. टेम्पोंवर, मंगल कार्यालयांत, हॉटेलांत त्याने ती कितीदा काढली असेल. उस्तादांनी त्याला हात बसवायला दिलेलं पहिलं चित्र हेच. पेंटर लोकांत तिचं नावच 'रविवर्म्याची दिवेवाली' असं आहे. काय काढू, असं गिऱ्हाइकाला विचारतात तेही त्याच नावाने. कानिफने खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, राजा रविवर्मा. सर म्हणाले वा, पोरं म्हणाली वा. आयुष्यात एकदाच बहुतेक, त्याने कुणाला विचारलं नाही की बरं दिसतंय का.

पुढे तो संगमनेरच्या बाजूला दुसऱ्या एका शाळेचं काम बघायला गेला. तिथे चित्रकलेच्या एंजेला मॅडम आहेत. याने हौसेने मोबाईलमधले फोटो दाखवले. मॅडमनी सगळं निरखून बघितलं, हाताचं कौतुक केलं आणि शेवटच्या फोटोवर थांबल्या.

"दादा, ही रविवर्मांची नाही. हळदणकरांची आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. स्वतःच्या मुलीला उभं करून काढलंय त्यांनी हे."

कानिफ म्हणाला की सगळे तर रविवर्माच म्हणतात. मॅडम म्हणाल्या, "सगळे म्हणतात, तीच तर अडचण आहे. रविवर्मा वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी झालंय हे चित्र." आणि त्यांनी पुस्तक काढून दाखवलं.

तिथून तो तडक माझ्या दुकानात. चिंधी हातात. शनिवार होता आणि स्पर्धा सोमवारी.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "सरांना सांग, पोरांना सांग, मिटलं."

"सांगतो की."

"मग लाव फोन."

"वाडीत रेंज न्हाई."

"सर राजूरला राहतात, वाडीत नाही."

त्याने फोन काढला, नंबरही काढला, आणि तसाच खिशात टाकला. म्हणाला, "शेठ, एवढ्या चित्रांत नेमकं त्येच थोडंच इचारतील?"

मला रागच आला. मी म्हटलं, "कानिफ, तू घाबरट आहेस हे मला ठाऊक होतं. लबाड आहेस हे ठाऊक नव्हतं." फार लागलं त्याला. पण मला त्याची भीती कळतही होती, म्हणूनच चिडचिड होत होती. सर ओरडतील ही भीती नव्हती ती. दिशा आणि ती पोरं त्याला काका म्हणून विचारतात, तो सांगतो आणि ती मानतात. एकदा कळलं की काकाला काही येत नाही, की संपलं. त्याच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट नवी घडली होती.

रविवारी तो गाडी काढून वाडीवर गेला, हे मला त्यानेच संध्याकाळी सांगितलं. सांगायचं ठरवूनच गेला होता. मालनबाईंनी चहा ठेवला. दिशा ओट्यावर बसून घोकत होती. याला बघून तिला केवढा आनंद झाला. म्हणाली, "काका, समदी भिंत पाठ हाय मला. म्हनून दाखवू? उलटीकडनं म्हनते, दिवेवालीपासनं." तिने दिवेवाली म्हटलं, राजा रविवर्मा म्हटलं, आणि पार मोना लिसापर्यंत न अडखळता गेली. मालनबाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं झालं, पेंटरभाऊ." आणि हा 'शाबास' म्हणून चहा पिऊन परत आला.

"शाबास म्हणालास?"

"तोंडातनं गेलं, शेठ."

मी त्याला दुकानातून घालवून दिलं. सरांना मीच फोन करावा असं मनात आलं. नंतर वाटलं, हे याचं आहे, याने निस्तरावं. उद्या जीपमध्ये सगळे असतील, तिथे सांगेल. मलाही माल आणायला संगमनेरला जायचंच होतं, मीही त्यांच्याच जीपने जायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी जीपमध्ये पुढे सर, मागे दिशा, तिचा जोडीदार समर्थ, मी आणि कानिफ. त्याला सरांनी मुद्दाम बोलावलं होतं. भिंत ज्याने काढली त्याने पोरांचं यश बघायला नको का, असं त्यांचं म्हणणं. विठा घाटात मी कोपराने ढोसलं. कानिफने घसा साफ केला. "सर, एक सांगायचं हुतं पोरांना..."

सर मागे न वळता म्हणाले, "आता नवं काही बी सांगू नका, पेंटर. ऐन टायमाला डोकं गोंधळतंय. जे पाठ आहे ते आहे."

कानिफने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू सरांनी त्याला माफी दिली. मी तोंड फिरवलं.

कॉलेजाचा हॉल भरलेला होता. शहरातल्या शाळांची पोरं टाय लावून आली होती. आमची दोघं इस्त्रीच्या गणवेशात, दिशाच्या वेण्यांना नव्या रिबिनी. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पोरं स्टेजवर गेली की त्यांच्याशी बोलायचं नाही, असा नियम माइकवरून सांगितला. मग पडद्यावर चित्रं यायला लागली.

दरेक चित्राला कानिफ चिंधी बोटांभोवती गुंडाळायचा. चांदण्यांचं आभाळ आलं, दिशाने बझर दाबला, बरोबर. तीन मुली आल्या, समर्थने सांगितलं, बरोबर. 'दाढदुखी' आली तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसली आणि खरं नाव 'द स्क्रीम', चित्रकार मंक, असं बरोबर सांगितलं. सर प्रत्येक टाळीला उठून उभे राहत होते. एकेक शाळा गळाली आणि शेवटी दोनच उरल्या, आमची आणि संगमनेरची एक इंग्रजी शाळा. दोघांचे गुण सारखे. शेवटचं चित्र, ते सांगेल तो पहिला.

पडद्यावर दिवेवाली आली.

पलीकडच्या शाळेतल्या करण नावाच्या मुलाने आधी बझर दाबला. "लेडी विथ द लॅम्प, म्हणजे ग्लो ऑफ होप. एस. एल. हळदणकर."

माझा जीव भांड्यात पडला. गेलं बक्षीस, पण सुटलो, असं वाटलं. प्रश्न विचारणाऱ्या सरांनी हातातल्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "चूक. दुसरा संघ?"

दिशा उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली, "दिवेवाली. राजा रविवर्मा."

"बरोबर!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. डोंगरातल्या वाडीची शाळा पहिली आली होती. बिभीषण सरांनी मला मिठी मारली, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. समर्थ उड्या मारत होता. तो करण मात्र अजून उभाच होता. कान लाल झालेले, आणि तो तेच तेच म्हणत होता, "सर, हळदणकरच आहे. सर, माझं बरोबर आहे." त्याच्या बाई पुढे गेल्या, तर परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, असं त्यांना माइकवरून ऐकवलं.

आता गप्प बसलं तरी कोणाला काही कळणार नव्हतं. खरं सांगतो, माझ्याही मनात आलं की बसावं गप्प. त्या इंग्रजी शाळेला बक्षिसं काय कमी आहेत? मी कानिफच्या मांडीवर हात ठेवला. काय सांगायचं होतं मला, बोल की बोलू नको, ते मलाच ठाऊक नाही.

तो माझा हात बाजूला करून उठला. "ओ सर!" तो ओरडला. "त्या पोराचं बरोबर हाय!"

कोण तुम्ही, असं माइकवरून विचारलं.

"पेंटर हाय मी. ह्यांच्या शाळंची भिंत मी रंगवली. त्या पोरीनं माजं लिवलेलं पाठ केलं. मी चुकीचं लिवलं. त्ये चित्र हळदणकरांचं हाय."

कोणीतरी हसलं. बिभीषण सरांनी त्याचा सदरा खाली ओढला, "बसा हो, बसा," असं दाताखाली म्हणाले. तो बसला नाही. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली होती. स्टेजवर कुजबुज झाली, मोबाईल निघाले, शेवटी लायब्ररीतून एक पुस्तक आलं. मग माइकवरून चूक मान्य झाली आणि ढाल करणच्या शाळेला गेली.

पुढे जे झालं ते मोठंच गोड झालं. पाहुण्यांनी कानिफला स्टेजवर बोलावून पुष्पगुच्छ दिला, प्रामाणिकपणावर भाषण केलं. करणच्या बाईंनी त्याला हात जोडले. सरसुद्धा निवळले, म्हणाले, "पेंटर, दुसरा नंबर बी काही कमी नाही." मी तर छाती पुढे काढून सगळ्यांना सांगत होतो की हा आमच्या राजूरचा. दिशा तेवढी आधीच जीपमध्ये जाऊन बसली.

परतीच्या जीपमध्ये कानिफच्या मांडीवर तो गुच्छ होता आणि समोर दिशा बसली होती. अकोले गेल्यावर तिने तोंड उघडलं.

"काका, तुमाला त्या हालमधीच कळलं का?"

तिने वाटच करून दिली होती. एक 'व्हय' म्हटलं असतं की गुच्छासकट सगळं जागच्या जागी राहिलं असतं. म्हण रे बाबा, असं मलाही वाटलं.

"न्हाई," कानिफ म्हणाला. "शनवारीच कळलं हुतं."

तिने मनात काहीतरी जुळवलं. "म्हंजी काल तुमी घरी आल्ते तवा तुमाला म्हाईत हुतं."

"व्हय."

"मी म्हनून दाखवलं तवा?"

"व्हय."

"आन तुमी शाबास म्हनले."

सरांनी पुढून वळून बघितलं. कानिफने गुच्छ मांडीवरून उचलून खाली पायाशी ठेवला.

"सांगायलाच आल्तो," तो म्हणाला. "भ्यालो. वाटलं, तू परत मला काय इचारनार न्हाईस."

"त्या समद्या लोकांना सांगितलं. मला का न्हाई?"

कानिफ रडायला लागला, चाळिशी उलटलेला माणूस, पोरांसमोर. समर्थ बावरून खिडकीबाहेर बघायला लागला. दिशा मात्र कानिफकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. होता तो राग, आणि तो बरोबर होता.

"बाकीची तरी खरी हायेत का?" तिने विचारलं.

"सरांनी दिल्ती ती नावं. मी नुसती लिवली. मला खरंच म्हाईत न्हाई, दिशा."

घाट चढून जीप राजूरला आली. मी आणि कानिफ उतरलो, सर पोरांना वाडीवर सोडायला पुढे जाणार होते. तो खाली उभा राहून तिच्याकडे बघायची हिंमत करत होता. ड्रायव्हरने गियर टाकला तेव्हा दिशाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"उद्या शाळंत या. एकेक चित्र बघू, पुस्तक घिऊन," ती म्हणाली. "पन आता काय बी कळलं की आदी मला सांगायचं. मंग भिंतीवर लिवायचं."

"व्हय," कानिफ म्हणाला.